भाड्याच्या घरातल्या कविता
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



मी कविता लिहितो आणि शिक्षण म्हणाल तर मराठी घेऊन बी.ए. असा माणूस वेबसाइटवर भाषण देणार म्हटल्यावर घरच्यांनाही हसू आलं. पण हा विषय मी मागून घेतला आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या मिरज-सांगलीकडच्या दहा-बारा कवींना जे पाहावं लागलं, ते ज्याला सोसावं लागलं त्यानेच सांगितलेलं बरं. 'संकेतस्थळ' हा चांगला मराठी शब्द आहे, पण बोलताना सगळे वेबसाइटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

वेबसाइट काढायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे इंटरनेटवरच्या एखाद्या संगणकात थोडी जागा घ्यायची, स्वतःच्या नावाचा पत्ता नोंदवायचा आणि त्या जागेत आपल्या फायली नेऊन ठेवायच्या. याला थोडा जाणकार माणूस लागतो. दुसरी तऱ्हा सोपी. विक्स, स्क्वेअरस्पेस, वीब्ली, गूगल साइट्स अशा सेवा सगळं तयारच देतात. नाव भरा, नमुना निवडा, चित्र बोटाने ओढून हवं तिथे ठेवा, मजकूर टाइप करा. संध्याकाळी बसलात तर रात्रीच्या जेवणापर्यंत वेबसाइट उभी. सामानासकट भाड्याने घेतलेली खोलीच म्हणा ना. पलंग आहे, पंखा आहे, भिंतीवर चित्रसुद्धा आहे. फक्त पलंगाचे पाय फरशीत रोवलेले आहेत, हे खोली सोडताना कळतं.

या सोयीला सरसकट नावं ठेवायला मी आलेलो नाही. स्वतः वेबसाइट चालवायची तर तिची देखभाल करावी लागते, सॉफ्टवेअर वेळच्या वेळी नवं करावं लागतं. ते राहिलं तर चोर शिरतो. एका मित्राच्या वेबसाइटवर एका सकाळी त्याच्या ललित लेखांऐवजी परदेशी औषधांच्या जाहिराती झळकत होत्या. तयार सेवांमध्ये ही कटकट कंपनी सांभाळते. घरमालक छप्पर शाकारतो, आपण झोपायचं.

आमच्या कवींनी २०१३ साली अशीच एक तयार सेवा घेतली. तिचं नाव सांगत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही. आमच्यातला एक तरुण कवी पुण्यात नोकरीला होता, त्याने स्वतःच्या ई-मेलवर खातं उघडलं, स्वतःच्या कार्डाने वर्षाचे पैसे भरले. आम्ही बाकीचे त्याच्याभोवती खुर्च्या टाकून बसलो आणि कविता वाचून दाखवू लागलो, तो टाइप करू लागला. थेट वेबसाइटच्या पानावर. या सेवांची रीतच तशी आहे. मजकूर आपल्या संगणकावर फाइल म्हणून राहत नाही, तो त्यांच्या घरी जन्मतो आणि तिथेच राहतो.

पहिलं भांडण ओळीवरून झालं. श्रोतेहो, कवितेत ओळ कुठे तुटते याला अर्थ असतो. त्या पानावर एंटरची कळ दाबली की यंत्राला वाटायचं, परिच्छेद संपला. मग दोन ओळींच्या मध्ये बोटभर मोकळी जागा. चार ओळींचं कडवं चार वेगवेगळ्या सुविचारांसारखं दिसायला लागलं. शिफ्ट दाबून एंटर केलं की ओळ जवळ येते, हे आम्हाला कुणीतरी दोन महिन्यांनी सांगितलं. मोबाइलवर तर लांब ओळ मनाला येईल तिथे मोडायची. नमुने सगळे इंग्रजी अक्षरांच्या मापाचे. इंग्रजी अक्षराला वर वेलांटी नाही, रफार नाही, खाली उकार नाही. त्यामुळे मथळ्यात 'कीर्ती' लिहिलं की वरून वेलांटी आणि रफार दोन्ही छाटले जायचे. एका नमुन्यात तर अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून अंतर सोडलं होतं. इंग्रजीत ते देखणं दिसतं, आमच्या शब्दाची शिरोरेघच तुटली. आम्ही मराठीत 'गझल' लिहितो, खाली नुक्ता देत नाही, म्हणून तेवढं तरी वाचलं!

स्वतःच्या जागेत हे दुरुस्त करता येतं, दोन ओळींमधलं अंतर वाढवलं की झालं. तयार सेवेत नमुन्याने जेवढी खिडकी ठेवली असेल तेवढीच उघडते. आमच्या नमुन्यात ती नव्हती. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं नम्र, आणि इंग्रजीत. सूचनेबद्दल आभारी आहोत.

तरीही वेबसाइट चालली. तिच्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ कवींच्या एकसष्ट कविता होत्या. ते सांगलीत शिक्षक होते. त्यांचा एकही संग्रह निघाला नाही, त्यांनीच निघू दिला नाही. सुट्या कागदांवर लिहायचे आणि कागद एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. आम्ही सर म्हणायचो. पेटी उघडून कविता टाइप करू द्या म्हणून त्यांना राजी करायला आम्हाला वर्ष लागलं. २०१७ साली ते गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा गावभागातलं त्यांचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. पेटी खालच्या खोलीत. पाणी उतरल्यावर त्यांची मुलगी चिखल काढता काढता म्हणाली, "कागद गेले तर गेले, बाबांच्या कविता वेबसाइटवर आहेत ना." होत्या. त्या दिवशी त्या वेबसाइटचे आम्ही सगळ्यांनी मनापासून आभार मानले.

त्याच वर्षी आमचा तरुण कवी आखातात नोकरीला गेला. वर्षाचे पैसे त्याच्या इथल्या कार्डावरून आपोआप कापले जायचे. आता इथे रिझर्व्ह बँक येते. ग्राहकाच्या कार्डातून परस्पर पैसे जाऊ नयेत म्हणून बँकेने नियम केला की असा आपोआप होणारा व्यवहार ग्राहकाने आधी नोंदवून मान्य केलेला असला पाहिजे, आणि पाच हजारांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी द्यावा लागेल. ही मर्यादा २०२२ मध्ये पंधरा हजारांवर नेली. नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. ग्राहकाच्या दृष्टीने नियम योग्यच. पण ज्या परदेशी कंपन्यांनी त्याप्रमाणे व्यवस्था केली नव्हती, त्यांचे भारतीय कार्डांवरचे पैसे नाकारले जाऊ लागले. वर्तमानपत्र, संगीत, वेबसाइट, सगळ्यांनाच झळ लागली. आमचेही नाकारले गेले. कंपनीने आठवणीची पत्रं पाठवली असणार, पण ती गेली पुण्यातल्या जुन्या नोकरीच्या ई-मेलवर. तो पत्ता नोकरीबरोबरच बंद झाला होता.

भाड्याच्या घरात भाडं थकलं तर मालक दारावर येतो, आरडाओरडा करतो, शेजाऱ्यांना कळतं. इथे कुणी आलं नाही. आधी वेबसाइटवर एक करडं पान दिसायला लागलं असेल. मग मुदत संपली आणि मजकूर पुसला गेला. सरांच्या स्मृतिदिनाला २०२२ मध्ये कविता वाचायच्या म्हणून आम्ही पत्ता उघडला तेव्हा तिथे काही नव्हतं. कंपनीचं उत्तर पुन्हा नम्र होतं. ठरलेल्या मुदतीनंतर आम्ही माहिती ठेवत नाही, आणि तशीही खातेदाराशिवाय इतर कुणाशी बोलू शकत नाही. खातेदार दोहाला, आणि त्याचा ई-मेल मेलेला. दहा-बारा कवी, एका दिवंगत माणसाचं आयुष्यभराचं लेखन, पण कंपनीच्या वहीत नाव एकाचंच. संस्थेला, मंडळाला, घरच्यांना तिथे जागा नाही. त्या तरुणाला मी दोष देत नाही. २०१३ साली स्वतःच्या खिशातून पैसे भरणारा तो एकटाच होता.

इंटरनेटवर एक मोठं दानाचं काम चालतं. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूस्टर काल या गृहस्थांनी १९९६ साली इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था काढली. ती जगभरच्या वेबसाइटांच्या प्रती काढून ठेवते आणि २००१ पासून त्या कुणालाही पाहता येतात. आम्ही तिथे धाव घेतली. आमचं मुखपृष्ठ मिळालं. अनुक्रमणिका मिळाली, सरांच्या एकसष्ट कवितांची नावं एकाखाली एक. नावावर बोट ठेवलं की पांढरं पान. याचं कारण मला एका जाणत्या मुलाने समजावलं. साध्या वेबसाइटचं पान म्हणजे छापलेला कागद असतो, त्याचा फोटो निघतो. यातल्या अनेक सेवांची पानं मात्र उघडणाऱ्याच्या समोर त्या क्षणी जुळवली जातात. मजकूर एका कपाटातून येतो, चित्र दुसऱ्या, सजावट तिसऱ्या. प्रत काढणारा आला तेव्हा त्याच्या हाती रिकामी चौकट लागली.

आता तुम्ही म्हणाल, वेळेत सामान बाहेर काढायला हवं होतं. तेच तर सांगतोय. सामान बाहेर काढायला दरवाजा आहे का, हे प्रत्येक सेवेत वेगळं असतं. विक्स ही कंपनी स्वतःच्या मदतपानावर सांगते की तिच्याकडे बांधलेली वेबसाइट उचलून दुसरीकडे चालवता येत नाही. यात लपवाछपवी नाही, पण ते पान वाचायला कोण जातो? स्क्वेअरस्पेस काही मजकूर एका फाइलमध्ये देते, सगळा नाही. वर्डप्रेस हे २००३ साली निघालेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून सगळा मजकूर फाइल करून बाहेर काढता येतो आणि दुसऱ्या जागी तसाच मांडता येतो. महिन्याचं भाडं किती, जाहिरात किती, नमुने किती, याची चौकशी सगळे करतात. बाहेर जायचा दरवाजा कुठे आहे, हे दुकानात शिरताना कुणी विचारत नाही.

आणि घरमालकानेच इमारत पाडायला काढली तर? हे जगात फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. १९९४ साली अमेरिकेत जिओसिटीज नावाची सेवा निघाली. फुकट जागा, आणि कल्पना मोठी गोड. वेबसाइटांच्या वस्त्या केल्या होत्या. सिनेमावाल्यांना हॉलिवूड, शिक्षण-तत्त्वज्ञानवाल्यांना अथेन्स, आणि प्रत्येकाला वस्तीत घरक्रमांक. लाखो साध्या माणसांनी तिथे आपली पहिली पानं मांडली. कुणाचा कुत्रा, कुणाच्या कविता, कुणाचा गेलेला मुलगा. १९९९ मध्ये याहूने ही सेवा विकत घेतली आणि त्याच वर्षी नव्या अटी लावल्या. इथे ठेवलेला मजकूर वापरायचा हक्क कंपनीला राहील, असा त्यांचा अर्थ निघत होता. लोकांनी निषेध म्हणून आपल्या पानांचे रंग काढून टाकले, पानं करडी केली. कंपनीला माघार घ्यावी लागली. भाडेकरूंचा एवढा सुंदर मोर्चा मी दुसरा ऐकलेला नाही. पण २६ ऑक्टोबर २००९ ला याहूने ती सेवाच बंद केली. जपानमधली शाखा तेवढी ३१ मार्च २०१९ पर्यंत टिकली. अर्काइव्ह टीम नावाच्या हौशी लोकांनी शेवटच्या महिन्यांत रात्रंदिवस बसून जमेल तेवढी पानं उतरवून घेतली, सहाशे गिगाबाइटांहून अधिक. ज्यांची राहिली त्यांची राहिली.

त्या काळातल्या मराठी पानांचं तर दुहेरी मरण झालं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घराघरातल्या संगणकांवर ती पोचायला बरीच वर्षं गेली. तोपर्यंत ज्याचा त्याचा फाँट वेगळा. तो फाँट तुमच्या संगणकावर नसेल तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणजे पान कुणी वाचवून ठेवलं असलं, तरी ते आज वाचायला फाँट शोधावा लागतो.

फुकट सेवा बंद पडतात, मोठ्या कंपन्यांच्याही पडतात. गूगल छोट्या दुकानदारांना त्यांच्या धंद्याच्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट काढून द्यायची. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. १० जूनपर्यंत जुना पत्ता उघडणाऱ्याला दुकानाच्या नोंदीकडे पाठवलं जायचं, पुढे तेही थांबलं.

कवींचं सोडा. आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. शस्त्रांना पाणी देणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, त्यांची ही परंपरा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यातल्या एका कारागिरांना मी चाचा म्हणतो. त्यांच्या मुलाने एका फुकट सेवेवर वेबसाइट काढली होती. फुकट असली की पत्ता तुमच्या नावाचा नसतो. आधी तुमचं नाव, मग टिंब, मग कंपनीचं नाव. तो लांबलचक पत्ता चाचांनी कार्डावर छापला आणि आठ वर्षं प्रत्येक वाद्याबरोबर ते कार्ड दिलं. जर्मनीत गेलं, कॅनडात गेलं, कोलकात्याला गेलं. पुढे मुलाने चांगली, पैसे भरून वेबसाइट दुसरीकडे काढली. जुनी मिटली, आणि जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर धाडायची सोय त्या फुकट सेवेत नव्हती.

सतार एकदा विकली की संबंध संपत नाही. वाजवून वाजवून तारांनी घोडीला चरे पडतात, आवाजातली ती गुंजन जाते, मग जवारी नव्याने काढावी लागते. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी गिऱ्हाईक कार्ड शोधून काढतं. त्या कार्डावरचा पत्ता आता कुठेच जात नाही. मी चाचांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते पटाशी खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे दुकान आमचं, पण पाटीवरचं नाव त्यांचं?" एवढ्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

पाटी स्वतःची करायला फार लागत नाही. आपल्या नावाचा पत्ता वर्षाला हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास नोंदवता येतो. २०१४ पासून देवनागरीत, शेवटी 'डॉट भारत' असा पत्ताही मिळतो, मराठीसुद्धा त्यात आहे. पत्ता आपला असला की घर कितीदा बदललं तरी तोच पत्ता नव्या घराकडे वळवता येतो. मात्र तोही ज्याच्या त्याच्या नावावर आणि ई-मेलवर हवा. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर पत्ता नोंदवलेला असणं, हे मी आमच्या भागात दोन शाळांच्या आणि एका दवाखान्याच्या बाबतीत पाहिलं आहे. पोरगं लग्न करून दुसऱ्या गावी गेलं, फोन उचलत नाही, आणि शाळेचं नाव त्याच्या खिशात.

आमच्या मंडळाने आता पत्ता मंडळाच्या नावाने घेतला आहे. तयार सेवाच घेतली आहे, कारण आमच्यात छप्पर शाकारणारा कुणी नाही, आणि पन्नाशी-साठीच्या कवींनी ते शिकावं असा आग्रहही मी धरणार नाही. फक्त ज्यातून मजकूर बाहेर काढता येतो अशी घेतली. कविता आधी साध्या फाइलीत टाइप होते, मग वेबसाइटवर जाते. फाइली तिघांच्या घरी आहेत, त्यातलं एक घर नदीपासून लांब, मिरजेच्या माळावर. खात्याचा ई-मेल मंडळाचा आहे आणि त्याचा पासवर्ड चिटणिसांच्या लोखंडी कपाटात बंद पाकिटात आहे. भाड्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते.

सरांच्या एकसष्ट कवितांपैकी अडतीस परत मिळाल्या. काही जुन्या दिवाळी अंकांत होत्या, काही त्यांच्या विद्यार्थ्यांना पाठ होत्या. नऊ मुलीच्या मोबाइलवर त्यांच्याच आवाजात निघाल्या, मागे कुकरची शिट्टी आहे. नव्या वेबसाइटवर आम्ही अनुक्रमणिका जुनीच ठेवली आहे, एकसष्ट नावांची. जी कविता नाही तिच्या नावासमोरची जागा कोरी आहे. अशी तेवीस होती. मागच्या महिन्यात एक जण मंडळात येऊन एका लग्नपत्रिकेचा पाठकोरा भाग देऊन गेला, त्याच्या वडिलांनी एका मैफलीत पेन्सिलीने उतरवून घेतलेली कविता. दोन शब्द लागत नाहीत. ते तसेच टिंब देऊन लावले आहेत. आता बावीस.